रंकाळा नावाची खुंटी

ज्याचं पोट कानावर चालतं त्याचाच कान फिरला, तर त्यानं कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं? गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या डाव्या कानात एक बारीक गूं सुरू झाली. आधी वाटलं मळ असेल, मग वाटलं सर्दी असेल. आमच्या मंडळींनी तीन दिवस लसणाचं कोमट तेल घातलं, त्यानं कानाला फोडणीचा वास येऊ लागला, बाकी काही झालं नाही. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून कान तपासले आणि सांगितलं की उजवा ठीक आहे, डावा निम्म्याला आलाय, आणि गेलेलं परत येत नाही. वर आणखी एक गंमत होती. पेटीचा एकच सूर मी दाबला तर उजव्या कानाला तो जिथल्या तिथे लागायचा आणि डाव्याला जरा उतरलेला. एकाच डोक्याला दोन कान, आणि दोघांचं आपसात पटत नाही.

मी पेट्या दुरुस्त करतो. गंगावेशीजवळ दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं. भाता फुटलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या, शिरोळकडच्या महापुरात दोन-दोन दिवस पाण्यात बसलेल्या पेट्या मी बोलत्या केल्या आहेत. सूर लावताना माझ्या दुकानात कुणी शिंकलेलंही मला खपत नाही. हा गर्व होता, आणि चांगला दणदणीत होता. आता लपवून काय उपयोग?

कान बिघडल्यावर मी डाव्या कानात कापसाचा बोळा घालून एका कानावर काम करू लागलो आणि कुणाला काही बोललो नाही. पण झाकली मूठ फार दिवस राहिली नाही. शिरोळ तालुक्यातल्या एका भजनी मंडळाची पेटी मी लावून दिली, ती चार दिवसांत परत आली. मंडळाचे म्हातारे बुवा दुकानात बसून म्हणाले, "कारागीर, रागावू नगासा. पर पेटी रडतीया. आमच्या गळ्याला लागंना." मी त्यांच्यावरच ओरडलो, तुमचा गळाच बसलाय म्हणालो. ते गेल्यावर पेटी पुन्हा ऐकली. बुवांचं खरं होतं. तीन सूर उतरले होते आणि मला ते आधी कळलेच नव्हते.

त्या आठवड्यात शुक्रवारी मी अंबाबाईच्या दर्शनाला गेलो आणि चक्क भांडलो. मी नेमानं शुक्रवार करणारा माणूस. आईपुढे आजवर कधी काही मागितलं नव्हतं, कारण कमी पडलं नव्हतं. त्या दिवशी मनातल्या मनात म्हटलं, "डोळे घे, गुडघे घे, दात तर तू नेलेच आहेस. पण कान कशाला? माझ्याकडं दुसरं हाय काय?" मागच्या बाईनं कोपरानं ढकललं आणि मी पुढे सरकलो. बाहेर येऊन मी स्वतःशी ठरवलं की आता जे पुढचं मोठं काम येईल तीच परीक्षा. जमलं तर दुकान चालू ठेवायचं, नाही जमलं तर पाटी उतरवायची. देवीला अशी अट घालणारा मी कोण, हे तेव्हा सुचलं नाही.

काम आलं ते भलतंच. शहरातल्या एका जुन्या दगडी चर्चचे पाळकसाहेब दुकानात आले. त्यांच्याकडे मिशनच्या काळात बोटीनं आणि पुढे बैलगाडीनं आलेला एक ऑर्गन आहे. भिंतीला टेकून उभा असलेला, माणसाच्या दीडपट उंचीचा, आणि पोटात शेकडो लहानमोठ्या नळ्या. तो लावायला पूर्वी कुणीतरी बाहेरून यायचे, ते आता राहिले नव्हते. ईस्टरच्या पहाटेला तो वाजायला हवा होता. ऑर्गन वाजवणाऱ्या मार्थाबाई ऐंशी पार केलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या लेकीकडे कागलला गेल्या होत्या. पाळकसाहेब म्हणाले, "हात थरथरायला लागलेत त्यांचे. ह्या ईस्टरला वाजवून त्या थांबणार आहेत. एकदा नीट वाजू दे एवढंच म्हणणं आहे." मी असला बाजा जन्मात उघडला नव्हता. पण हवा, नळी आणि सूर यांच्यापलीकडे त्यात काय असणार, असं म्हणून हो म्हटलं.

पहिल्या दिवशी मी चपला बाहेर काढून आत गेलो, तेव्हा पाळकसाहेब "राहू द्या हो" म्हणाले. मी म्हटलं, देऊळ ते देऊळ. ऑर्गनच्या दोन्ही बाजूंना ओढायच्या खुंट्या होत्या. आपल्या पेटीला असतात तशाच, पण प्रत्येकीवर पांढरी चकती आणि तिच्यावर काळ्या अक्षरात नाव. ज्या खुंटीला ओढाल त्या जातीच्या नळ्या बोलू लागतात. अक्षरं इंग्रजी होती पण भाषा इंग्रजी नव्हती. लॅटिन असेल, पाळकसाहेब म्हणाले, मलाही येत नाही. मी कामाच्या वहीत नावं उतरवून घेतली. व्हॉक्स ह्युमाना. उंडा मारिस. एकीचं तर अख्खं वाक्यच होतं, नोली मे टांगेरे. उंडा वाचून मला कणकेचा उंडा आठवला आणि भूक लागली.

तीन आठवडे मी त्या बाज्याच्या पोटात काढले. पाळकसाहेब स्वतः पट्ट्या दाबायला बसायचे. देवमाणूस, पण सुराशी वैर. नळीच्या डोक्यावर पत्र्याची सरकती पट्टी असते, ती वर केली की सूर उतरतो आणि खाली केली की चढतो, एवढं मला पहिल्या तासात कळलं. मग डाव्या कानात बोळा आणि एकेक नळी. सगळ्यांत जास्त त्रास दिला तो दोन खुंट्यांनी. नोली मे टांगेरे ओढली की काहीच वाजायचं नाही. तिच्या नळ्या शोधण्यात माझे दोन दिवस गेले, फळ्या काढल्या, बॅटरी घेऊन पालथा पडलो, हाती आलं फक्त चिमणीचं जुनं घरटं. आणि उंडा मारिसच्या नळ्या होत्या, पण सगळ्याच्या सगळ्या उतरलेल्या. शेजारच्या ओळीबरोबर वाजवल्या की आवाज हेलकावायचा. दोन सूर जवळजवळ सारखे असले आणि पुरते सारखे नसले की असा हेलकावा येतो, आणि आमच्या धंद्यात हेलकावा म्हणजे चूक. वडील म्हणायचे, हेलकावा ठेवून पेटी देणारा कारागीर मीठ न घालता तांबडा रस्सा वाढणारा. चाळीसच्या वर नळ्या होत्या. मी एकेक करून सरळ केल्या, अगदी काठीसारख्या. शेवटची नळी जुळली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी पाळकसाहेबांना मिठीच मारली. परीक्षा पास झालो असं वाटलं.

ईस्टरच्या आधीचा रविवार झावळ्यांचा, त्याच्या आदल्या दिवशी मार्थाबाई आल्या. काळा चष्मा, हातात काठी, आणि अंगात अजून पूर्ण शाळा. मला म्हणाल्या, "तुम्हीच का कारागीर? बसा तिथं. बोलू नका." मी बसलो. त्यांनी एक खुंटी ओढली आणि म्हणाल्या, "हे आमचे आप्पा." ती व्हॉक्स ह्युमाना होती. नाकात गाणाऱ्या म्हाताऱ्यासारखा आवाज आला आणि बाई खुदकन हसल्या. त्यांच्या आधी वाजवणाऱ्या बाईंनी, आणि त्यांच्याही आधीच्यांनी, ही मराठी नावं पाडली होती. लॅटिन कुणालाच येत नव्हतं, म्हणून जसा आवाज तसं नाव. नोली मे टांगेरेकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "ही सासूबाई. हिला हात लावायचा न्हाय. आमच्या बाईंनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं, त्यांच्या बाईंनी त्यांना. का, ते विचारायचं न्हाय." मी दोन दिवस सासूबाईंच्या घरात शिरून धुंडाळत होतो, हे मी गिळून टाकलं.

मग आमच्या गावच्या तळ्याचं नाव घेत त्या म्हणाल्या, "आता रंकाळा," आणि शेजारच्या खुंटीबरोबर उंडा मारिस ओढली.

चार ओळी वाजवल्या असतील. हात पट्ट्यांवरच राहिले आणि थांबले. पुन्हा वाजवलं, पुन्हा थांबल्या. चष्मा काढून त्यांनी ऑपरेशनचा लाल डोळा पुसला. "कारागीर, हे काय करून ठेवलंसा? रंकाळ्यातलं पाणी गेलं की हो."

मी विचारलं, बेसूर झालंय का. त्या म्हणाल्या, "ते तुमचं शास्त्र, मला नका विचारू. पण हा माझा रंकाळा नव्हे. जीव गेलाय त्यातला." त्या चिडल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्या चिडल्या नाहीत. माझ्या हातावर थोपटून म्हणाल्या, "असू दे. आप्पांवर भागवीन मी." तेच जास्त लागलं.

शिरोळचे बुवा आणि या बाई, दोघांचं म्हणणं एकच होतं. ज्या ओळीवर मी सगळ्यांत जास्त जीव टाकला तीच मेली, म्हणजे उजवा कानही गेला, असा मी हिशेब लावला. एका म्हाताऱ्या बाईचा शेवटचा ईस्टर मी बिघडवला. रविवारी जेवलो नाही. मंडळींनी विचारलं, "कुणी काय बोललं काय?" मी म्हटलं, कुणी न्हाय, देवीच बोलली. सोमवारी सकाळी दुकानाला शिडी लावली आणि पाटीचा पहिला स्क्रू काढला.

खालून कुणीतरी हाक मारली. साठीतला माणूस, साधा सदरा, धुळीनं भरलेल्या चपला, काखेत धोतराच्या फडक्यात बांधलेली पेटी. मी शिडीवरूनच म्हटलं, "पावणं, दुकान बंद हाय. कायमचं." ते म्हणाले, "असू दे की. पण आलोय आजऱ्याकडनं, दोन गाड्या बदलून. एक सूर मुका झालाय, तेवढा बघून देतासा काय? रविवारी सण हाय आमचा." चिडचिड करतच मी खाली उतरलो. पेटी उघडली तर सुराच्या पत्तीत एक मेलेला किडा अडकलेला. चिमट्यानं काढला, फुंकर मारली, सूर बोलू लागला. चमत्कार म्हणावा असं त्यात काही नाही, पेटीवाल्याला असे किडे रोज भेटतात.

एवढ्यात ते गृहस्थ गल्ल्यावर उघडी राहिलेली माझी वही वाचून हसायला लागले होते. गालात नव्हे, पोट धरून. "हा कुठला बाजा? आणि ही सासूबाई तुम्हाला कुठं गावली?" नावांपुढे लिहून ठेवलेली मराठी नावं ऑर्गन वाजवणाऱ्या बायकांनी पाडलीत, हे मी सांगितलं. मी विचारलं, तुम्हाला ही भाषा येते? ते म्हणाले, "फादर हाय मी. तरुणपणी लॅटिन घोकून घोकून तोंडाला फेस आलेला. नोली मे टांगेरे म्हणजे मला शिवू नको. ईस्टरच्या सकाळचे प्रभूचे शब्द हायत ते, कबरीतनं उठल्यावर बागेत आपल्या शिष्येला, मरियेला म्हणालेले. काही जुने कारागीर एखादी मुकी खुंटी बसवायचे. दोन्ही बाजूंना खुंट्या सारख्या दिसाव्यात म्हणून. आणि थट्टेनं तिच्यावर असं नाव."

मी कपाळावर हात मारला. आपल्या पेट्यांनाही शोभेच्या खुंट्या असतात. मी स्वतः शेकडो बसवल्यात. जी गोष्ट मी आयुष्यभर गिऱ्हाइकाला सांगत आलो, तीच माझ्या पुढ्यात आली तर ओळखली नाही. आणि त्या बायका लॅटिनचं अक्षर न येता तीन पिढ्या नेमकं तेच पाळत आल्या होत्या.

"आणि उंडा मारिस?" मी विचारलं.

"समुद्राची लाट." त्यांनी बाईंचं नाव पुन्हा वाचलं. "रंकाळा! वा रे वा. बरोबर ओळखलं की बायकांनी." मग त्यांनी सांगितलं की ते जिथं फादर व्हायला शिकले त्या गुरुकुलात असाच एक ऑर्गन होता, आणि त्यातही ही ओळ होती. "ती शेजारच्या ओळीपेक्षा जरा उतरती लावतात. मुद्दाम. दोन्ही एकदम वाजल्या की आवाज हलतो, पाण्यावर लाट हलती तसा. सरळ केली तर नुसती नळीच राहिली की."

मी म्हटलं, "फादर, मी ती सरळ केली. सगळी. चाळीस नळ्यांत एक लाट ठेवली न्हाय."

"एकबी न्हाय?"

"एकबी न्हाय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कानातला बोळाही पाहिला असावा. मग पेटी काखेत घेत म्हणाले, "चाळीस नळ्यांतनं एक लाट राहू दिली न्हाईसा, म्हणजे कान चांगलाच हाय की तुमचा."

मी तिथेच, गिऱ्हाइकाच्या बाकावर बसून, रडलो. आणि रडता रडता हसलो. जी गोष्ट मी माझ्या कानाच्या मरणाचा पुरावा समजत होतो, तीच तो जिवंत असल्याचा पुरावा होती. शिरोळची पेटी बिघडली होती ती मी भीत भीत, लपवत, घाईनं लावली म्हणून. कान राहिला होता, गळालं होतं ते अवसान. मंडळी आतून धावत आल्या आणि मला तसा बघून फादरांनाच दटावू लागल्या. चहा होईपर्यंत फादरांच्या गाडीची वेळ झाली आणि ते गेले. नाव विचारायचं राहूनच गेलं. देवीला घातलेल्या अटीचं उत्तर तिनं आजऱ्याहून दोन गाड्या बदलून पाठवलं, असं मला वाटतं. कुणाला योगायोग वाटला तर माझी हरकत नाही.

पाटीचा स्क्रू परत पिळला आणि तडक मार्थाबाईंच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, सासूबाईंच्या घरात शिरलो होतो तेही. त्या इतक्या हसल्या की डोळ्यातल्या औषधाचे थेंब गालावर आले. पण अडचण पुढेच होती. पाणी परत आणायचं, पण किती? लाट मोठी झाली तर ओळ रडकी होते, लहान राहिली तर मरते. आधी किती होती ते मी मोजून ठेवलं नव्हतं, कारण चूक कोण मोजून ठेवतो? ते माप फक्त बाईंच्या कानात उरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याला म्हणालो, "तुम्ही सांगा, मी लावतो."

मंगळवारपासून बाई पट्ट्यांपाशी आणि मी पोटात. मी पत्रा कणभर वर सरकवायचा आणि बाहेरून आवाज यायचा, "अजून... अजून... हां, थांबा! जास्त झालं, पंचगंगेला पूर आला. मागं घ्या." प्रत्येक नळीला माझा हात जिथे थांबायला बघे तिथे त्या थांबू द्यायच्या नाहीत. पन्नास वर्षांची सवय सरळ रेषेकडे ओढायची. पहिल्या दिवशी चीड आली. दुसऱ्या दिवशी मी स्वतःचं मत विचारणं सोडलं. तिसऱ्या दिवशी हात आपोआप त्यांच्या "हां"शी थांबू लागला, आणि त्या थांबण्यात इतकी विश्रांती होती की असं आपण आधीच का केलं नाही असं वाटलं. शुक्रवारी चर्चमध्ये प्रभूच्या क्रुसाचा दुःखाचा दिवस, म्हणून काम बंद होतं. माझा शुक्रवार होता. मी अंबाबाईसमोर जाऊन उभा राहिलो आणि काही मागायचं आठवेना. नुसता उभा राहिलो. मागच्या बाईनं ढकललं तेव्हा तिलाही नमस्कार केला.

शनिवारी शेवटची नळी लागली. रविवारी पहाटे मंडळींना घेऊन मी शेवटच्या बाकावर बसलो. दारात आमच्या चपलांचे दोनच जोड बघून एका आजोबांनी विचारपूसही केली. चर्च भरलं होतं, पांढऱ्या साड्या, मोगऱ्याच्या वेण्या, मेणबत्त्या. मार्थाबाई काठी टेकत ऑर्गनपाशी जाऊन बसल्या. आधी आप्पा नाकात गायले आणि लहान मुलं हसली. मग बाईंचा थरथरता हात रंकाळ्यावर गेला. मी त्या क्षणी डाव्या कानातला बोळा काढून खिशात टाकला. का, ते मला सांगता येणार नाही.

सूर आला, आणि हलला. दगडी भिंतींवरून हळूहळू हेलकावत पुढे आला, माझ्या पायाखालच्या फरशीपर्यंत. बाईंनी भर उपासनेत, पट्ट्यांवरचा हात न काढता, नळाला पाणी आल्यावर आपल्या गल्लीत ओरडतात तशा आवाजात म्हटलं, "आलं की हो पाणी!" पाळकसाहेब हसले, मग सगळं चर्च हसलं, आणि हसतच सगळे गायला उठले. आम्ही दोघंही उठलो. गीत येत नव्हतं, तरी गायलो. मंडळींनी माझा हात घट्ट धरला होता.

मार्थाबाई ठरल्याप्रमाणे थांबल्या. आता दुसऱ्या एक बाई वाजवतात, आणि त्यांनाही पहिला धडा सासूबाईंचाच मिळाला. मी दुकान चालवतो. शिरोळच्या बुवांकडे स्वतः जाऊन माफी मागितली आणि पेटी लावून दिली. ते म्हणाले, "आता कशी हसतीया बघा." आईचे आणि त्या अनोळखी फादरांचे उपकार मी रोज आठवतो. डाव्या कानातली गूं गेलेली नाही, डॉक्टर म्हणतात जाणारही नाही. एकच सूर अजून उजव्याला जागेवर लागतो आणि डाव्याला जरा उतरलेला. पूर्वी त्या दोघांचं भांडण मिटवायला मी धडपडायचो. आता संध्याकाळी दुकान आवरल्यावर एखाद्या पेटीचा एकच सूर दाबून धरतो, आणि दोन्ही कान उघडे ठेवून माझा रंकाळा ऐकत बसतो.